शिवणीतली माया

टेम्पो हॉलच्या दाराला पाठ करून लावला होता आणि पोरं एकेक फासळी उतरवून भिंतीला टेकवत होती. नाटकाच्या तालमींसाठीचा छोटा हॉल, पुण्यातलाच, आणि त्याचं प्लायचं सीलिंग. उभ्या-आडव्या फासळ्या, एकमेकींच्या खाचांत बसणाऱ्या, आणि सगळं जुळलं की खालून बघताना छत एका कोपऱ्यातून उचललं जातं, मध्ये बरंच खाली येतं आणि पुढच्या भिंतीकडे परत वर जातं. दोनशेच्या वर तुकडे आणि त्यातला एकही दुसऱ्यासारखा नाही. कुठला तुकडा कशात जाणार त्याचा नंबर प्रत्येकावर मशीननेच कोरलेला. सुतारकाम बघणारे मामा एक तुकडा हातात घेऊन बराच वेळ उभे होते. कडेवरून अंगठा फिरवला, खाचेत नख घालून बघितलं, नंबर वाचला, ड्रॉइंगवर तो शोधला. मग म्हणाले, "काम देखणं झालंय ताई. पण सगळं तुम्हीच ठरवून आणलंय. आता आम्ही काय ठरवायचं?"

तक्रार नव्हती ती. आवाजात राग तर अजिबात नव्हता, लगेच पोरांना "एक नंबरपासून लावून घ्या रे" म्हणून ते कामाला लागले सुद्धा. मी "तुमच्याशिवाय कसं होणार मामा" असलं काहीतरी बोलले, जे अशा वेळी आपण बोलतोच, आणि ते हसले. पण ते वाक्य माझ्याबरोबर घरी आलं. काही दिवस गेले, सीलिंग चढलं, लोकांनी फोटो काढले, आणि तरी ते वाक्य डोक्यातून जाईना.

कारण हे छत मी कॉम्प्युटरवर ज्यात मांडलं ते ग्रासहॉपर नावाचं टूल मला मनापासून आवडतं, हे आधी सांगायला हवं. मी कॉलेजात होते तेव्हा ट्रेसिंग पेपर, टी-स्क्वेअर आणि रॉट्रिंगची पेनं होती. पावसाळ्यात पेपर दमट होऊन फुगायचा, शाई पसरायची, आणि चुकलेली रेघ ब्लेडने खरवडताना तो एक विशिष्ट बारीक आवाज यायचा, करकर नाही, त्याहून हलका, आणि जास्त खरवडलं की पेपरला भोक. एक जिना सहा इंच सरकवायचा म्हणजे प्लॅन, दोन सेक्शन, एलिव्हेशन सगळीकडे ब्लेड घेऊन बसायचं. मग कॉम्प्युटरवर ड्रॉइंग आलं, पण खरं सांगायचं तर ते ब्लेडशिवायचं ट्रेसिंगच होतं, जिना सरकवला की बाकी सगळं आपणच सरकवायचं, फक्त बोटांना शाई लागत नव्हती.

ग्रासहॉपर पहिल्यांदा उघडून बघितलं तेव्हा मला आधी काही कळलंच नाही. डेव्हिड रुटन नावाच्या माणसाने ऱ्हायनो या थ्रीडी मॉडेलच्या सॉफ्टवेअरसाठी ते 2007 मध्ये आणलं, आणि 2018 पासून ते ऱ्हायनोच्या आतच येतं, वेगळं टाकावं लागत नाही. स्क्रीनवर रेघ काढायचीच नसते. छोटे छोटे डबे असतात, एक डबा म्हणजे एक काम, बिंदू दे, वक्र दे, त्याचे समान भाग कर, त्या भागांवर फासळ्या उभ्या कर, आणि डब्यातून डब्यात तारा ओढायच्या. काही अडलं की डबा केशरी होतो, फारच बिनसलं की लाल. तासन्‌तास नुसत्या तारा जोडायच्या आणि मग एक स्लायडर हातात घ्यायचा, छताची उंची समजा, आणि तो ओढला की अख्खं छत श्वास घेतल्यासारखं वर येतं आणि त्याबरोबर सगळ्या फासळ्या, सगळ्या खाचा, सगळे नंबर नव्याने मांडले जातात. मला अंगावर काटा आला होता. आजही येतो कधीकधी. रात्री उशिरा, ऑफिसमध्ये कोणी नसताना, एका आकड्याने सगळं हललेलं बघायला मी उगाच तो स्लायडर पुढे-मागे करत बसते.

आणि असं बसलेलं असताना मला हटकून मिरजेची मावशी आठवते.

मावशी बाहेरच्या खोलीत शिवणक्लास घ्यायची. जमिनीवर सतरंजी, त्यावर ब्राउन पेपर पसरलेला, आणि दहा-बारा मुली गुडघ्यावर बसून, ओणव्या होऊन रेघा मारतायत. खोलीत मशीनच्या तेलाचा आणि कोऱ्या कापडाच्या खळीचा वास. मावशी कुठल्याच ब्लाउजचा आकार पाठ करायला सांगायची नाही, ती हिशोब सांगायची. छातीचा चौथा भाग घ्या, त्यात एवढं मिळवा, मुंढा छातीच्या सहाव्या भागावरून काढा, टक्स इथून इतके खाली. माप बत्तीस असो की चाळीस, वहीतला हिशोब तोच, पेपरवरचा आकार मात्र प्रत्येकीचा निराळा उमटायचा. मी सुट्टीत तिच्याकडे असायचे आणि तिच्या वहीतली ती आकडेमोड मला गणितापेक्षा भारी वाटायची कारण तिच्यातून शेवटी अंगावर घालायची वस्तू निघायची. आज मी स्क्रीनवर जे करते ते हेच, इतकंच की तिची मापं टेपवरून यायची आणि माझी स्लायडरवरून.

पण मावशीच्या वहीत आणखी एक गोष्ट प्रत्येक हिशोबाच्या शेवटी असायची. माया. कापायच्या रेघेच्या बाहेर शिवणीसाठी आणि पुढे कधी उसवून सैल करता यावं म्हणून सोडलेलं कापड. ती किती सोडायची ते मात्र वहीत एकच आकडा नसायचा. सुती असेल तर जास्त, धुतल्यावर आटतं. लग्न ठरलेल्या मुलीचं असेल तर जास्त. वाढत्या पोरीच्या परकर-पोलक्यात तर चांगली दोन बोटं. आणि समोरची बाई उभी राहिली की मावशी तिच्याकडे नुसतं बघायची आणि म्हणायची, हिचा डावा खांदा खाली आहे, तिथे अर्धा इंच कमी करा. टेपने ते कळलं नसतं, कारण टेप आपण एकाच बाजूने लावतो आणि दुसरी बाजू तशीच धरून चालतो.

आकाराऐवजी आकारामागचा हिशोब मांडायचा, ही गोष्ट कॉम्प्युटरबरोबर आलेली नाहीच. इटलीत लुईजी मोरेत्ती या आर्किटेक्टने 1960 च्या मिलानच्या प्रदर्शनात स्टेडियमची मॉडेल्स मांडली होती, प्रेक्षकाला कुठून किती नीट दिसेल त्या समीकरणांतून बसायच्या जागांचा उतार निघालेला. त्याच्याही आधी बार्सिलोनाजवळ कोलोनिया ग्वेलच्या चर्चसाठी आर्किटेक्ट अंतोनी गाउदीने दोऱ्या छताला टांगल्या आणि त्यांना शिशाच्या छऱ्यांच्या छोट्या छोट्या पिशव्या बांधल्या. पिशवीत छरे वाढवले की त्या दोरीचा झोल बदलणार, तिला बांधलेल्या शेजारच्या दोरीचाही बदलणार, आणि असं करत अख्खं जाळं नवीन जागी स्थिर होणार. त्याचा फोटो काढायचा आणि उलटा धरायचा, की कमानी तयार, फक्त दाबावर उभ्या राहणाऱ्या. साधारण 10 वर्षं त्या मॉडेलवर गेली असं वाचलं तेव्हा मला त्या पिशव्या भरणाऱ्या लोकांचं फार वाटलं. कोणीतरी शिडीवर चढून चिमूटभर छरे घालत असणार आणि दुसरं कोणीतरी खालून दोरी स्थिर व्हायची वाट बघत असणार.

सग्रादा फामिलियाची, म्हणजे गाउदीच्या हयातीत अपुरं राहिलेल्या बार्सिलोनातल्या मोठ्या चर्चची गोष्ट तर मी ऑफिसात नवीन आलेल्या प्रत्येक मुलाला सांगते. गाउदी 1926 मध्ये गेला, आणि 1936 मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात त्याचा वर्कशॉप फोडला, ड्रॉइंग्ज जळली, प्लास्टरच्या मॉडेल्सचे तुकडे तुकडे झाले. पुढच्या लोकांच्या हातात ते तुकडे होते. मार्क बरी नावाचा न्यूझीलंडचा तरुण 1979 मध्ये तिथे पोचला आणि ते तुकडे बघून मूळ काय असेल ते शोधण्यात त्याची पुढची कित्येक वर्षं गेली, आधी हाताने काढून आणि मग विमानं डिझाइन करायच्या सॉफ्टवेअरवर. हे जमलं कशामुळे, तर गाउदीने शेवटच्या वर्षांत मनाला येईल तसे वक्र काढलेच नव्हते. सरळ रेघ एका नियमाने फिरवली की जे वक्र पृष्ठभाग तयार होतात तेच त्याने वापरले. त्यामुळे हातभर तुकड्यावरून सुद्धा नियम ओळखता आला आणि नियम सापडला की उरलेला भाग बांधता आला. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की त्याने मागे ठेवलं ते दुसऱ्या कोणाला तरी पुढे चालवता येईल असं होतं.

एवढं लांब कशाला, आपलं सिन्नरचं गोंदेश्वर बघा. भूमिज शिखर, चार बाजूंना खालपासून वर गेलेल्या पट्ट्या आणि मधल्या जागांत छोट्या छोट्या शिखरांच्या रांगा, एकावर एक, वर जाताना लहान लहान होत गेलेल्या. एक छोटं शिखर आणि वर जाताना ते किती आकसायचं त्याचं प्रमाण, एवढं ठरलं की रांग वर चढत जाते. मी तिथे दुपारी उन्हात उभी राहून मोजत बसले होते, आणि एका रांगेतल्या छोट्या शिखरांकडे नीट बघितलं तर कोरणाऱ्याचा हात ओळखू येतो, कुठे खोल कोरलंय, कुठे उथळ, एकाची कड जरा जास्त धारदार. प्रमाण सूत्रधाराचं, म्हणजे देऊळ आखणाऱ्याचं, पण त्या दगडातली खोली कोणी ठरवली असेल? तिथे उभं असताना मला मामांचा प्रश्न परत ऐकू आला.

आता जरा वर्कशॉपमध्ये येऊ, कारण खरा मुद्दा तिथेच आहे. सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या फाइलप्रमाणे कापणारं मशीन, त्याच्या बेडवर आठ बाय चारची शीट टाकतात, व्हॅक्यूमने ती घट्ट धरली जाते, स्पिंडल सुरू होतो आणि मग बोलणं बंद, कारण ऐकूच येत नाही. प्लाय कापताना जळक्या लाकडाचा आणि आतल्या गोंदाचा मिळून एक तिखट वास येतो, घशाला लागतो. शीटवर 18 मिलीमीटर छापलेलं असतं. जाडी मोजायचा व्हर्निअर लावला की कुठे साडेसतरा, कुठे सव्वासतरा, एकाच लॉटमधल्या दोन शीट एकसारख्या नाहीत, आणि एकाच शीटची कड आणि मध्य सुद्धा नाही. म्हणून फाइलमध्ये प्लायची जाडी हा एक स्लायडर असतो आणि खाचेतली मोकळीक हा दुसरा. मोकळीक कमी पडली तर फासळी हातोडीने ठोकावी लागते आणि वरचा पापुद्रा फाटतो, जास्त झाली तर सांधा खुळखुळतो. अर्ध्या मिलीमीटरच्या आसपासची ही भांडणं. पावसाळ्यात प्लायच्या कडा ओल धरतात, मग तोच आकडा परत बदला.

आणखी एक गोष्ट. राउटरचा बिट गोल फिरतो, त्यामुळे खाचेचा आतला कोपरा कधीच काटकोनात निघत नाही, बिटच्या त्रिज्येएवढी गोलाई उरते, आणि तिथे काटकोनी कडेची फासळी तळापर्यंत बसत नाही. यावर उपाय म्हणून फाइलमध्येच कोपऱ्याला थोडं बाहेर कापतात, छोटे गोल कान निघतात. सगळे तसंच करतात. पण तालमीच्या हॉलमध्ये सगळ्यात खालच्या, डोळ्यासमोर येणाऱ्या फासळ्यांवर ते कान दिसणार होते. आम्ही नमुन्याचे चार तुकडे मामांना आधी दाखवले तेव्हा त्यांनी कानावर बोट ठेवून विचारलं, "हे कशाला?" मी सांगितलं. त्यांनी पटाशी काढली, कान नसलेला एक तुकडा मागितला, मशीनने सोडलेली गोलाई दोन्ही बाजूंनी दोन-दोन टोले देऊन काढली आणि फासळी त्यात अशी सरकली की जोड नखाला लागेना. "दिसणाऱ्या असतील त्या मला द्या, बाकी तुमच्या मशीनला." म्हणून मी डेफिनिशनमध्ये, म्हणजे ग्रासहॉपरमधल्या त्या डब्या-तारांच्या मांडणीत, एक फाटा घातला. फासळी डोळ्याच्या पातळीजवळ असेल तर कान कापू नकोस, वर असेल तर काप. सगळ्या सीलिंगमध्ये मला सगळ्यात आवडती जागा विचाराल तर मी त्या खालच्या फासळ्यांचे कोपरे दाखवीन, आणि त्यांच्याकडे कोणी बघतसुद्धा नाही.

कोपरगावला शारदा शाळेत माया सोमय्या ग्रंथालय आहे, समीप पडोरा यांच्या ऑफिसने 2018 मध्ये बांधलेलं. शिर्डीला जाणाऱ्यांनी थोडी वाट वाकडी करून बघावंच. विटांचं पातळ कवच, जमिनीतूनच उठलेलं, वर चढता येतं असं छत, म्हणजे पुस्तकं खाली आणि वर्गातली पोरं वर पळतायत. आकार शोधायला ऱ्हायनोव्हॉल्ट नावाचं सॉफ्टवेअर वापरलंय, झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या ब्लॉक रिसर्च ग्रुपचं, आणि ते काम करतं गाउदीच्या पिशव्यांच्याच तत्त्वावर, वजन कुठून कसं जमिनीत उतरेल ते बघून कवचाला फक्त दाबावर उभं करायचं. पण वीट कॉम्प्युटर लावत नाही. दोन्हीकडून वाकलेल्या पृष्ठभागावर सरळ कडेची वीट लावताना सांधा कुठे रुंद घ्यायचा आणि कुठे आवळायचा हे थापी हातात असलेल्या माणसाला दर विटेला ठरवावं लागतं. आतून वर बघितलं की त्या सांध्यांच्या रेघा दिसतात. मला त्या इमारतीचा हेवा वाटतो आणि तो तिच्या आकाराचा नाही, तिथे हिशोब आणि हात एकमेकांच्या आड आले नाहीत याचा आहे. मुंबई विमानतळाच्या टी-टू टर्मिनलमध्ये, त्या 30 प्रचंड खांबांखाली, मी दरवेळी मान वर करून बघते, छतातल्या रंगीत काचांमधून येणारा उजेड खरंच सुंदर आहे, पण तिथे मला कोणाचा हात सापडत नाही. एवढ्या मोठ्या कामात सापडावा अशी अपेक्षा करणंही कदाचित बरोबर नाही.

या टूलची एक भीती वाटते तीही लिहून टाकते. स्लायडर असला की तो ओढला जातो. क्लायंट शेजारी खुर्ची घेऊन बसतात आणि अजून थोडं वर, नाही, जरा खाली, आता मगाचं दाखवा, असं करत संध्याकाळ होते, आणि शेवटी डोळे इतके थकतात की कुठलाही आकार चालेल असं वाटायला लागतं. मावशी मुलींना सांगायची, तीन मापं नीट घ्या, बाकीची त्यातून निघतात, वीस मापं घेतलीत तर एक दुसऱ्याशी भांडेल. मी आता मीटिंगच्या आधी बहुतेक स्लायडर लॉक करते. कुठला आकडा हलू द्यायचा आणि कुठला नाही, डिझाइन म्हणून जे काही असतं ते मला यातच दिसतं. आकार नंतर येतो. आणि जे आकडे आपण हलू देतो त्यातले काही आपल्या हातात ठेवायचेच नसतात, ते साइटवरच्या माणसाच्या हातात जायला हवेत, हे मला त्या टेम्पोपाशी ऐकलेल्या प्रश्नाने शिकवलं. नुसते कोपरे नाहीत. पुरा एक भाग.

म्हणून सध्या जे काम चालू आहे, एका जुन्या वाड्यातल्या वाचनखोलीचं, त्यात आम्ही भिंतीलगतची शेवटची रांग कॉम्प्युटरवर काढलेलीच नाही. वाड्याच्या भिंती गुण्यात, म्हणजे काटकोनात नाहीत, कुठे पोट आलंय, कुठे मातीचा गिलावा हातभर निघालाय. लेझर स्कॅन करून ती रांग मशीनवर कापता आली असती, ऑफिसमधल्या पोरांनी तसं सुचवलंही, आणि मी दोन दिवस विचार करून नको म्हटलं. मधलं सगळं मशीनवर होईल, भिंतीपासून वीतभर अलीकडे फाइल थांबेल, आणि तिथून पुढे प्लायच्या कोऱ्या पट्ट्या मामांकडे जातील. ते भिंतीला पट्टी धरून, पेन्सिल फिरवून, रंध्याने उतरवून बसवतील, आणि सांधा कुठे घ्यायचा, कड किती जाड ठेवायची, भिंतीचं पोट लपवायचं की दिसू द्यायचं ते त्यांनीच ठरवायचं. मी ड्रॉइंगमध्ये तिथे काहीच दाखवलेलं नाही, नुसती तुटक रेघ आहे आणि तिच्याशेजारी लिहिलंय, साइटवर मिस्त्रींच्या मताने. डेफिनिशनमध्ये त्या वीतभर जागेचा जो स्लायडर आहे त्याला मी माया असं नाव दिलंय, ऑफिसमधली पोरं आता बिनदिक्कत "मॅडम, माया किती ठेवू?" विचारतात.

बीओक्यूमध्ये, म्हणजे कामांच्या आणि दरांच्या यादीत, ती रांग मी वेगळी ओळ करून टाकली आहे, मशीन कटिंगच्या रेटने नाही, मामांच्या हजेरीच्या रेटने, आणि दिवसही हात राखून नाही, लागतील तेवढे धरलेत. क्लायंटचा त्यावर फोन येणार, इतकं सगळं मशीनवर कापून येतंय तर सुताराचे एवढे दिवस कसे म्हणून. मामांनाच त्या मीटिंगला बोलावलंय, शनिवारी, पट्टीचा एक नमुना घेऊन.